माझ्याच घरात बाजार उतरला

माझी एक तक्रार आहे आणि ती मी अजून सोडलेली नाही. माझ्या बायकोने आणि माझ्या मिस्त्रीने संगनमत करून मला महिनाभर खोटे भाव सांगितले. मला! अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतची माणसं ज्याला फोन करून विचारायची, "आज रेती काय म्हणते?", त्या माणसाला. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कुठे मी मऊ पडलोय असं वाटलं, तरी मूळ मुद्दा विसरू नये.

घरदुरुस्तीच्या धंद्यात मी बिगारी म्हणून आलो. वडिलांची गिरणी बंद पडली आणि मी कॉलेज सोडून घाटकोपरला एका कंत्राटदाराकडे फोडकामाच्या गोण्या जिन्यावरून खाली उतरवायला लागलो. डोक्यावर गोणी असताना माणूस खाली मान घालून चालतो. मी कान उघडे ठेवून चालायचो. कंत्राटदार दुकानदाराला काय भाव देतो, घरमालकाला काय सांगतो, मधलं कुठे जातं, हे सगळं मला त्या जिन्यावर कळलं. पुढे स्वतःची कामं घ्यायला लागलो तेव्हा मी एक नेम केला. दर सोमवारी सकाळी, चहा व्हायच्या आत, सगळ्या दुकानदारांना फोन. सिमेंट, रेती, विटा, सळई, लादी. त्यानंतर नाक्यावर एक फेरी मारायची आणि बिगारी किती मागतोय, मिस्त्री किती मागतोय ते ऐकायचं. काम असो वा नसो. भाव लिहून ठेवायची मला कधी गरज पडली नाही. माझ्या मुलीचा जन्म मला सळईच्या भावावरून आठवतो. बायको म्हणायची, "पोरीचं वजन किती होतं ते विचारा यांना, सांगता येणार नाही." ते खरं आहे.

या कामात मी भांडलो खूप. दुकानदारांशी, मजुरांशी, सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी. पैसे बुडवले नाहीत कोणाचे, पण सांगितलेला भाव ऐकून मी पहिल्या झटक्यात हो म्हटलंय, असं एकदाही झालं नाही. आवाज माझा मुळात मोठा. मुलुंडच्या एका दुकानात मी बोलायला लागलो की दुकानदार आधी फुलदाणी उचलून आत ठेवायचा.

आता आमच्या स्वयंपाकघराबद्दल.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. जुनं घर विकत घेतलं तेव्हा बाकी सगळं मी फोडून नवं केलं, फक्त स्वयंपाकघर राहिलं. ओटा कडप्प्याचा, आधीच्या मालकाच्या घरातल्या उंच माणसांसाठी बांधलेला. माझी बायको माझ्या खांद्याला लागते. पोळ्या लाटताना तिला दोन्ही खांदे कानापर्यंत उचलावे लागत. ती चाळीस-चाळीस पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची, दिवाळीला फराळ करायची, आणि हे सगळं खांदे वर करून. गेल्या काही वर्षांत तिचा उजवा हात वर जाईना. डबे वरच्या फळीवरून काढायचे झाले की मला हाक मारायची.

ओटा का बदलला नाही, याची माझ्याकडे दर वेळी कारणं होती, आणि मी आजही सांगतो, त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. मार्चमध्ये सिमेंट चढतं. मे महिन्यात मजूर गावी जातात आणि जे उरतात ते तोंडाला येईल तो आकडा सांगतात. पावसात रेती ओली, वजनात मार. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच घरं रंगवायची असतात. मधे दोन-तीन वर्षं बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार अशी हवा होती, तेव्हा कोण शहाणा ओट्यावर खर्च करेल? मी म्हणायचो, "थांब जरा. भाव उतरू दे." ती म्हणायची, "बरं."

एकदा मी टाइल्स आणल्यासुद्धा होत्या. मोतिया रंगाच्या, कडेला बारीक हिरवी वेल. एका दुकानदाराचा गाळा रिकामा होत होता, त्याच्याकडून पडत्या भावात उचलल्या. खोकी गॅलरीत रचून ठेवली. मग त्या टाइल्सचा भाव एकदम वर गेला, आणि बोरिवलीला मी एका बाईंचं स्वयंपाकघर करत होतो, त्यांना अगदी तशाच हव्या होत्या. मी दिल्या. धंदा होता. त्या व्यवहारात राहिलेल्या पैशातून मुलीची वर्षाची फी भरली. गॅलरी रिकामी झाली तेव्हा बायकोने तिथे तुळशीची कुंडी ठेवली. मला वाटलं, जागा मोकळी झाली म्हणून बरं वाटलं असेल.

मग लॉकडाऊन आलं. माझे सगळे मजूर गावाकडे गेले. ते परत येईपर्यंत माझ्या छातीत दुखायला लागलं, दोन स्टेंट बसले, आणि डॉक्टरने सांगितलं की दिवसभर जिने चढणं-उतरणं नको, धूळ नको आणि आवाज चढवणं तर अजिबात नको. म्हणजे धंदाच नको. सोमवारचे फोन काही दिवस चालू ठेवले. दुकानदार विचारायचे, "शेठ, माल कधी पाठवू?" नुसता भाव विचारून फोन ठेवायला मला संकोच वाटायला लागला. भावाचं असं आहे की दोन सोमवार विचारला नाही की तिसऱ्या सोमवारी हिंमत होत नाही. हळूहळू ते बंद पडलं. माझ्या डोक्यातले भाव जिथे होते तिथेच थांबले, आणि ते थांबलेत हे माझं मलाच जाणवलं नाही.

मागच्या वर्षी गणपती गेल्यावर एका सकाळी बायकोने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "सोमवारपासून ओटा फोडायचाय. मिस्त्रींना सांगितलंय."

ती विचारत नव्हती. इतक्या वर्षांत तिने कधी अशा सुरात काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "भाव काढलास का?"

"मिस्त्री काढतील. तुम्ही आत यायचं नाही. धूळ आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. रोज संध्याकाळी मिस्त्री तुम्हाला सगळे भाव सांगून जातील. झालं?"

मी विचार केला आणि माझी अट घातली. प्रत्येक गोष्टीचा माझा एक आकडा. ज्या दिवशी भाव त्या आकड्याच्या वर जाईल त्या दिवशी काम बंद. अर्धा ओटा असला तरी बंद. बाजार उतरला की पुढचं. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "चालेल."

मिस्त्री म्हणजे माझा जुना माणूस. जालन्याकडचा, कांजूरमार्गला राहतो. आम्हा दोघांचेही केस काळे होते तेव्हापासून एकत्र काम केलेलं. हात सोन्याचा, पण तोंड एक मिनिट गप्प नाही. लादी बसवतानासुद्धा लादीशी बोलतो. माझ्याशी त्याचं भांडण वर्षातून एकदा ठरलेलं असायचं. दसऱ्याला तो थापी, ओळंबा, पाण्याची लेव्हल सगळं धुऊन मांडायचा, झेंडू वाहायचा, मला पेढा द्यायचा आणि पेढा तोंडात असतानाच दिवसाची मजुरी वाढवून सांगायचा, "शेठ, या वर्षीपासून हजेरी इतकी." तोंड भरलेलं असल्यामुळे मला लगेच ओरडता यायचं नाही. मग दिवाळीपर्यंत आमची खेचाखेच चालायची आणि शेवटी मधेच कुठेतरी जमायचं. तो ज्या दिवशी नवी हजेरी सांगणार नाही तो दसरा मी बघितलाच नव्हता.

काम सुरू झालं. चूल हॉलमध्ये आली. एका शेगडीवर पिठी-भात, नाहीतर आमटी. सगळीकडे पांढरी धूळ. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, दार ओढलेलं, आणि आतून हातोड्याचे घाव. ऐकून मला कळायचं काय चाललंय. फोडकामाचा आवाज वेगळा, प्लास्टरचा वेगळा. एक दिवस बराच वेळ शांतता होती, मग मिस्त्रीचा आवाज आला.

"वहिनी, हात असे धरा. पोळी लाटताय असं समजा. नाही, नाही, खांदा खाली. आता खांदे वर न्यायचे नाहीत तुम्ही, ते दिवस गेले."

"अहो, इतका खाली? मुलगी हसेल. म्हणेल, आईने लहान मुलांचा ओटा केला."

"मुलीला काय, ती बाहेरून मागवते. तुमचं कोपर कुठे येतंय ते बघू द्या. हां. इथे." पेन्सिलीची रेघ भिंतीवर ओढल्याचा आवाज. आणि मग माझी बायको हसली. मला आत जायची परवानगी नव्हती म्हणून मी पेपर वाचत बसलो. तेच पान परत वाचत होतो, हे नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मिस्त्री हातपाय धुऊन दारात उकिडवा बसायचा, चहाची बशी हातात घ्यायचा, आणि मी विचारायचो, "सिमेंट?"

तो सांगायचा.

"क्रश सँड?"

तो सांगायचा.

"बिगारी?"

"तुमच्या वेळी होता तोच, शेठ. एक रुपया नाही वर."

"असं कसं?"

"बाजार बसलाय ना. काम कुठे आहे? नाक्यावर जा, दहा वाजेपर्यंत माणसं उभी असतात."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तीस वर्षं मी सांगत होतो की हे भाव कधीतरी उतरणार, फक्त थांबायची तयारी पाहिजे, आणि आता ते उतरले होते. माझं बरोबर होतं. मिस्त्रीला माझा चेहरा वाचता येतो, त्यामुळे तो चेकाळला. एक दिवस म्हणाला, "शेठ, आज सिमेंट गोणीमागे वीस रुपये उतरलं." आतून बायकोला जोरात ठसका लागला. मी म्हटलं, "पाणी पी गं." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "लादीवाला म्हणतो, घेऊन जा, पैसे नंतर बघू." आतून भांडं पडलं.

दसरा आला. थापी आणि ओळंबा आमच्या हॉलमध्ये मांडला. झेंडू वाहिला. त्याने पेढा दिला, मी तोंडात टाकला आणि तयारीत बसलो. तो काही बोललाच नाही.

पेढा गिळून मी विचारलं, "हजेरी?"

"राहू द्या, शेठ. या वर्षी जुनीच."

"नऊशे?"

"नऊशे. तुमच्याकडून काय घ्यायचं जास्त."

इथे मला समजायला हवं होतं. समजलं नाही. मला वाटलं, बाजार इतका पडलाय की हा माणूससुद्धा नरम आला.

आमच्या बिल्डिंगच्या आवारात एक बाकडं आहे, तिथे संध्याकाळी आम्ही म्हातारे बसतो. दुसऱ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बाथरूम नवीन करायचा विचार करत होते. मी त्यांना हातावर बोटं मोजत सगळे भाव सांगितले. म्हटलं, "अशी वेळ परत येणार नाही. आत्ता करा. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला 'थांबा' म्हणत नाहीये." त्यांनी विश्वास ठेवला. तीन-चार दिवसांनी ते बाकड्यावर आले, माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवून बसले.

"काय हो?"

"मुलुंड पश्चिमेला गेलो होतो, दुकानात. तुम्ही सांगितलेले भाव सांगितले त्याला."

"मग?"

"त्याने मला खुर्ची दिली. चहा मागवला. आणि म्हणाला, काका, पेन्शन सुरू झाली तेव्हाचे भाव आहेत का हे?" सगळं बाकडं हसलं. "लादी बसवणाऱ्याला नऊशे हजेरी सांगितली, तर तो म्हणाला, नऊशेमध्ये मी फक्त येऊन लादी बघून जाईन."

मी तिथून उठलो आणि रिक्षा पकडून थेट त्या दुकानात गेलो. तोच दुकानदार, ज्याची फुलदाणी मी आल्यावर आत जायची. मला बघून त्याला खरंच आनंद झाला. "शेठ! किती वर्षांनी! बसा, बसा." मी बसलो नाही. एकेक भाव विचारला. त्याने एकेक सांगितला. सिमेंटचं एवढं काही नव्हतं. लादी चढली होती. पण मजुरी! मिस्त्री चौदाशे, आणि तेही सकाळी लवकर फोन केला तर. बिगारी माझ्या वेळच्या मिस्त्रीएवढा मागत होता. "माणसंच नाहीत, शेठ," तो म्हणाला. "माल मिळतो. माल बसवणारा मिळत नाही."

मी जिना चढत असताना माझ्या डोक्यात एकच हिशेब होता, आणि तो धंद्यातल्या कोणाच्याही डोक्यात आला असता. एवढ्या कमी भावात कोणी काम करत असेल, तर तो मालात मारतोय. हलकी लादी, कमी सिमेंट, खाली पोकळ. माझ्याच घरात, माझ्याच माणसाने. बाकी काही मला सुचलंच नाही.

दार ढकलून मी सरळ आत गेलो. महिन्याभरात पहिल्यांदा. मिस्त्री भिंतीवरच्या शेवटच्या रांगेचे सांधे भरत होता. बायको पंच्याने लाद्या पुसत होती. मी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि ठोकत निघालो. एकेक लादी. चारही कोपरे. पोकळ लादीचा आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येतो. एकही पोकळ नव्हती. सगळीकडून घट्ट, भरलेला आवाज येत होता. कोपऱ्यात रिकामी खोकी होती, त्यांच्यावरचा शिक्का बघितला. पहिल्या प्रतीचा माल. सिंकच्या खालचं प्लास्टर खरवडून बघितलं. नखाला लागलं नाही. कोपऱ्यात काटकोन लावायची गरज नव्हती, डोळ्यांनी दिसत होता.

मी बुचकळ्यात पडलो. असा माल, असं काम, आणि असा भाव? असा व्यवहार जगात नसतो. आणि जे समजत नाही त्याचा मला राग येतो.

"काय लुबाडलंस रे?" मी ओरडलो. "कोणाला लुबाडलंस? हा माल कुठून आला? नऊशे हजेरी? मला वेडा समजलास?"

मिस्त्रीने हातातला स्पंज बादलीत टाकला आणि माझ्या बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी ओरडलो की तो माझ्याकडे बघायचा.

"तिच्याकडे काय बघतोस? मी विचारतोय!"

"गप रवा जरा," बायको म्हणाली. चिडली की ती गावच्या बोलीवर येते. "त्यांना ओरडायचं नाही. भाव मी ठरवले. खरे भाव मी दिले. तुम्हाला सांगायचे ते वेगळे सांगा असं मीच सांगितलं."

"कुठून दिलेस?"

"पोळ्यांचे. फराळाचे. माझं खातं आहे, बँकेत. तुम्ही कधी विचारलं नाही, मी कधी लपवलं नाही."

"चौदाशे हजेरी दिलीस? घासाघीस न करता?"

"त्यांनी तेराशे सांगितले. मी चौदाशे दिले."

मला खुर्ची लागली असती, पण आत खुर्ची नव्हती. मी सिमेंटच्या अर्ध्या गोणीवर बसलो.

"शेठ, मी नको म्हणत होतो," मिस्त्री म्हणाला. "खोटं बोलायला मला जमत नाही. ते सिमेंट वीस रुपये उतरलं म्हणालो ना, त्या रात्री जेवण गेलं नाही."

"तेवढं जास्त झालं होतं तुमचं," बायको त्याला म्हणाली.

"अगं, पण का? मला का फसवलंस? सगळी बिल्डिंग हसतेय!"

"खरा भाव सांगितला असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. उजवा हात, जेवढा जातो तेवढा.

"मीच सांगते. थांब म्हणाला असता. मी पंचवीस वर्षांची होते तेव्हा थांबले, मुलगी दहावीला होती तेव्हा थांबले. आता माझा हात थांबत नाही. तुम्ही अट घातलीत ना, भाव वर गेला की काम बंद? मग भाव वर गेलाच नाही. अजूनही बंद करायचं असेल तर करा. मिस्त्री, ठेवा हो सामान."

मिस्त्रीने खरोखर थापी खाली ठेवली. ओटा विटांपर्यंत आला होता, वरचा दगड नव्हता. भिंतीवर पेन्सिलीची रेघ होती.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "त्या मोतिया टाइल्स होत्या तेव्हाच करणार होतो. भाव चढला. धंदा होता."

"माहीत आहे. मी बघून आले त्या."

"काय?"

"बोरिवलीला. त्या बाईंकडे चकल्या पोचवायला म्हणून गेले होते. ऑर्डर नव्हती, मीच घेऊन गेले. त्यांनी स्वयंपाकघर दाखवलं." ती लाद्या पुसायला लागली होती. "छान दिसत होत्या. वेल जरा वर लावली होती, तुमच्या माणसाने."

"मीच लावली होती," मिस्त्री म्हणाला. "बाईंना तशीच हवी होती."

त्या संध्याकाळी कोणी भाव विचारला नाही आणि कोणी सांगितला नाही. मिस्त्री चहा न पिता गेला. मी गॅलरीत बसलो. राग होता, आणि तो बायकोवर होता की मिस्त्रीवर की बाकड्यावर हसणाऱ्यांवर, ते मला वेगळं काढता येत नव्हतं. आत ती रॉकेलच्या बोळ्याने लाद्यांवरचे सिमेंटचे डाग काढत होती. मला सारखं दिसत होतं की ती चकल्यांची पिशवी घेऊन कोणाच्या तरी दारात उभी आहे, आणि तिला आत बोलावतायत का याची वाट बघतेय.

सकाळी चहा देताना ती म्हणाली, "दगड राहिलाय. दगडातलं मला कळत नाही. मिस्त्रींनाही तुमच्याइतकं नाही कळत." मग आत वळता वळता, "काम बंद असेल तर राहू द्या."

मी शर्ट घातला.

ग्रॅनाइटचं गोदाम घाटकोपरच्या बाजूला, मोठ्या रस्त्यावर. उघड्यावर दगडांच्या उभ्या लाद्या, पुस्तकांसारख्या टेकवून ठेवलेल्या, मधून चिखलाची वाट. मी जिना चढून-उतरून दमलेलो, पण तिथे शिरल्यावर मला बरं वाटलं. नळाखाली रुमाल ओला करून मी दगड पुसत गेलो. पाणी लावलं की केसासारखी चीर दिसते. तेल पाजून काळा केलेला दगड रुमालाला रंग देतो. दोन दगड मी तसेच बाद केले. तिला दाखवलं, "हे बघ, हे असं." ती वाकून बघत होती. तिने एका दगडावर तळवा ठेवला. काळा, आत बारीक तांबूस ठिपके. तिथून तो हलला नाही.

"हा?"

"हा बरा वाटतो. पिठाचा हात लागला तरी दिसेल, म्हणजे पुसता येईल."

मी मालकाला बोलावलं. राजस्थानकडचा माणूस, मुंबईत मुरलेला. त्याने भाव सांगितला. मी माझा सांगितला. तो हसला. मी आवाज चढवला, मग डॉक्टर आठवला म्हणून उतरवला, मग परत चढवला. चिरीवरून भांडलो, जाडीवरून भांडलो, वाहतुकीवरून भांडलो. तो उतरला, पण माझ्या आकड्यापर्यंत येईना. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "अंकल, एक काम करा. दिवाळीनंतर या. नवीन गाडी येते, हाच माल, तुमच्या भावात देतो. पंधरा दिवस थांबा फक्त."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. धंद्यातला माणूस मला कळतो. नवीन गाडी येणार होती, आणि तो खरंच माझ्या भावात देणार होता. माझं डोकं आपोआप हो म्हणायला लागलं होतं. मी तिच्याकडे वळलो.

ती तिथे नव्हती. 'थांबा' हा शब्द ऐकला होता तिने. पदराला हात पुसत ती चिखलाच्या वाटेने फाटकाकडे निघाली होती, रिक्षा बघायला. रागावलेली नव्हती. भाजीवाला मेथी संपली म्हणाला की जशी पुढच्या गाडीकडे जाते, तशी. तिचं ठरलेलं होतं की आता आपण घरी जातोय.

"अगं!" मी ओरडलो. दगड कापणारे दोघे वळून बघायला लागले. "कुठे निघालीस? माप कोण देणार त्याला?"

ती वळली. "दिवाळीनंतर म्हणाले ना ते."

"त्याची दिवाळी त्याच्यापाशी. माप दे. आज कापतोय तो."

"आणि भाव?"

"भावाचं मी बघतो. तुझं काम माप देणं."

ती परत आली, पण सावकाश, मी मधेच शब्द फिरवतो का हे बघत. पर्समधून मिस्त्रीने दिलेला मापाचा कागद काढला आणि कारागिराच्या हातात दिला. त्याने खडूने दगडावर रेघा मारल्या. तिने एक रेघ परत मोजायला लावली. बरोबरच होती.

मालक माझ्याकडे बघत होता. त्याला समजलं होतं की आता मी हलणार नाही, आणि मलाही समजलं होतं की त्याला ते समजलंय. असा माणूस भावात मार खातो. मी त्याने सांगितलेला भाव मान्य केला. पैसे मी दिले, तिला पर्स उघडू दिली नाही. त्यावरून रिक्षा मिळेपर्यंत ती माझ्याशी भांडली, की ओटा तिचा आहे, मधे मी कोण.

मात्र कडेचं पॉलिश आणि सिंकचं भोक मी फुकटात करून घेतलं. त्यासाठी अर्धा तास त्याच्या ऑफिसच्या दारात उभा राहिलो आणि त्याच्या दोन गिऱ्हाइकांना दगडातल्या चिरी दाखवल्या.